भांगाचं पाणी

लिलाव चारला सुरू होतो.
हर्णैच्या वाळूवर टोपल्या उपड्या,
पावसेंचा आवाज सुरीसारखा:
सातशे, साडेसात, आठ, आठ, आठला दिली!
माझ्यापर्यंत सातशे पोचतात
तेव्हा सुरमई बर्फात गेलेली असते.

वही माझ्या हातात, भावाच्या होडीची.
आकडा लिहायचा, एवढंच काम.
"कितीला?" विचारते.
मुकादमांचा इस्माईल बोटं दाखवतो, न चिडता.
बाकीचे चिडतात.

शाळेत मी ट्यूबलाइट.
नाव मंदाकिनी,
गुरुजींना त्यातली पहिली दोन अक्षरंच पुरायची.
वर्ग हसायचा.
विनोद मला मधल्या सुट्टीत कळायचा,
मग मी एकटीच हसायचे, डब्यात बघून.

आळशी नाही हो मी.
जाळ्यात अडकलेली चिंबोरी
एकही नांगी न मोडता सोडवते.
फक्त मधे काहीतरी आहे.
दर्यावरच्यांना सांगितलं तर कळेल:
अष्टमीच्या आसपास पाणी भांगाचं असतं,
भरती येते पण चढत नाही,
ओहोटी लागते पण वाळू उघडी पडत नाही.
आठवड्यात उधाण येतं, सगळं धुऊन नेतं.
माझी अष्टमी सरत नाही.

आईने दृष्ट काढली.
मिरच्यांचा ठसका लागला मला, तोही
ती निखारे विझवून आल्यावर.
दापोलीच्या डॉक्टरांनी रक्त काढलं.
थायरॉइड बरोबर, हिमोग्लोबिन बरोबर.
"लग्न करा," म्हणाले.
कागदावर जागा असती तर लिहूनही दिलं असतं,
दिवसातून एकदा, जेवणानंतर.

चिपळूणच्या रेडीज डॉक्टरांनी विचारलं,
"झोप येते, की जाग असून पोचत नाही?"
चौतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी रडले. त्या दिवशी, वेळेवर.

त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं.
पुस्तकात अजून पक्कं बसलेलं नाही, म्हणाले,
आणि बाहेरचे लोक आता ते नावही बदलतायत.
बरं वाटलं.
माझ्या दुखण्यालाही उशीर होतोय.

पहिल्या गोळीने हात थरथरले.
छातीत डिझेलचं इंजिन,
घरात फरशी तीनदा पुसली गेली,
सगळे खूश.
मी तीच, तशीच मागे,
फक्त आता धापा टाकत.
ती बंद केली.

दुसरी सकाळची, पांढरी, अर्धी.
सोबत एक वही, लिलावाची नव्हे, माझी:
गॅस. पाणी. आईचं औषध. कुणाला काय कबूल केलं.
आणि पहाटे फत्तेगडाच्या बाजूने भरभर चालणं,
कुत्री सोबत येतात, बोलत नाहीत.

काल परवा
नाही, गेल्या मंगळवारी,
पावसे म्हणाले "साडेनऊशे"
आणि मी लिहिलं साडेनऊशे.
त्यांचं तोंड अजून उघडंच होतं.
पुढच्या टोपलीला पुन्हा इस्माईलची बोटं.

आज चिपळूण.
"फरक वाटतो का?"
मी पंख्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं,
त्यावरच्या बंधाऱ्याच्या चित्राकडे.
बाहेर अकरा पेशंट खोकत होते.
रेडीजांनी पेनाला टोपण लावलं
आणि हात टेबलावर ठेवून बसले,
गरी टाकून बसलेल्या माणसासारखे.
बराच वेळ.
मग मीच लाजून उठले.

खेड गेलं.
दापोलीच्या अलीकडे एसटीने वळण घेतलं,
खिडकीत सुरूची झाडं आली, आणि उत्तर आलं.

दवाखान्यात फोन लावला.
कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर जेवायला गेलेत, निरोप सांगा.
"चोगले. हर्णै.
लिहा: हो. थोडासा."
त्याने लिहिलं, वाचून दाखवलं.
"अजून काही?"

थांबा, म्हटलं.
येतंय.